हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

१८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले पहिल्यांदा विलायतेला गेले. त्या वारीतलं पुण्याला आठवतं ते एवढंच: प्लेगच्या बंदोबस्तातल्या सोजिरांवर केलेले आरोप, परतल्यावर मागितलेली माफी आणि त्यावरून झालेली छीथू. मुळात ते गेले कशाला होते, हे विचारलं तर चांगले वाचणारेही अडखळतात. ते गेले होते साक्ष द्यायला. हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी १८९५ मध्ये लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन नेमलं गेलं होतं आणि दादाभाई नौरोजी त्याचे एक सदस्य होते. मुंबईहून दिनशा वाच्छा, बंगालमधून सुरेंद्रनाथ बॅनर्जी, मद्रासहून जी. सुब्रमण्य अय्यर आणि पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे तीस वर्षांचे गोखले असे चौघे साक्षीसाठी गेले. लष्करावरच्या खर्चाने त्या चौकशीत बरीच जागा व्यापली. त्यातही एक प्रश्न फार टोचणारा होता: इंग्लंडच्या कामासाठी हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेर जाणाऱ्या फौजेचं बिल हिंदुस्थानच्या रयतेने का भरायचं?

प्रश्न जुना वाटेल, पण तो मिटलेला नाही. दक्षिण कोरियात अमेरिकेचे साडेअठ्ठावीस हजार सैनिक आहेत. २०१९ मध्ये ट्रम्प सरकारने त्यांच्यासाठी कोरियाकडे वर्षाला सुमारे ५०० कोटी डॉलर मागितले. कोरिया तेव्हा देत होता त्याच्या हे पाचपट होतं. वाटाघाटी रखडल्या आणि एप्रिल २०२० मध्ये तिथल्या अमेरिकी तळांवर काम करणाऱ्या सुमारे चार हजार कोरियन कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसवलं गेलं. दोन सरकारांच्या घासाघिशीत पहिली झळ लागली ती तळावरच्या कामगारांना, आणि त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

परदेशी ठेवलेल्या फौजेच्या खर्चाची चर्चा बहुतेक वेळा रकमेपाशी सुरू होते आणि रकमेपाशीच संपते. इतके अब्ज, तितके तळ. मला रकमेपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. फौज पाठवायची की नाही हे ज्याने ठरवलं, त्याच्याच खिशातून पैसे जाणार असतील तर तो मोजूनमापून पाठवतो आणि काम झालं की परत बोलावतो. पैसे दुसऱ्याचे, जमीन तिसऱ्याची आणि जीव चौथ्याचा असेल, तर फौज तिथेच मुरते. इंग्रजांच्या काळात आपण हे दुसऱ्या टोकाला उभं राहून भोगलं आहे, म्हणून आपल्याला ते लवकर कळायला हवं.

कंपनीचं राज्य जाऊन राणीचं राज्य आलं त्या १८५८ च्या कायद्यात ५५ वं कलम होतं. प्रत्यक्ष आक्रमण परतवणं किंवा अचानक उद्भवलेली निकड सोडली, तर सरहद्दीबाहेरच्या लष्करी मोहिमेसाठी हिंदुस्थानचा महसूल पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीशिवाय वापरता येणार नाही, असं ते सांगत होतं. वाचायला उत्तम. हे कलम उघडपणे मोडावं लागलं नाही, वाकवून काम भागलं. अ‍ॅबिसिनियाच्या सम्राट थिओडोरने इंग्रज वकिलाला आणि इतर युरोपियनांना कैदेत टाकलं, तेव्हा १८६७ मध्ये जनरल नेपियरची फौज हत्तींसकट मुंबईहून निघाली. त्या कैद्यांशी हिंदुस्थानचा काय संबंध, असं विचारणारे पार्लमेंटमध्येही होते. पुढे लॉर्ड सॉल्सबरी म्हणून पंतप्रधान झालेले क्रॅनबोर्न त्यांतले एक. हिंदुस्थान म्हणजे पूर्वेकडच्या समुद्रातली इंग्लंडची बराक, तिथून पैसे न मोजता हवे तेवढे शिपाई उचलावेत, हे आपल्याला पसंत नाही असं त्यांनी सभागृहात सांगितलं. तरी संमती मिळालीच. तोडगा असा निघाला की जादा खर्च इंग्लंड करील, शिपायांचा नेहमीचा पगार मात्र हिंदुस्थानच देत राहील.

या ‘नेहमीच्या पगारा’मागचं तर्कशास्त्र ऐकायला निरुपद्रवी आहे. हे शिपाई छावणीत बसून असते तरी पगार द्यावा लागलाच असता, मग ते समुद्रापलीकडे गेले म्हणून हिंदुस्थानचं नुकसान काय झालं? गोखल्यांनी पुढे कायदे कौन्सिलात या युक्तिवादाची दुसरी बाजू दाखवली. दक्षिण आफ्रिकेत आणि चीनमध्ये इथली फौज मोठ्या संख्येने धाडली गेली आणि तरी देश सुरक्षित राहिला, तर तेवढी फौज हिंदुस्थानला लागत नाही हेच सिद्ध झालं. मग बारा महिने ती पोसायची कोणाच्या गरजेसाठी? इतका सरळ हिशेब त्या कौन्सिलात दुसऱ्या कोणी मांडल्याचं मला तरी आठवत नाही.

इजिप्तच्या १८८२ च्या मोहिमेत खुद्द हिंदुस्थान सरकारने, म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या इंग्रजी सरकारने, खर्च आपल्यावर टाकायला हरकत घेतली होती. इंग्लंडने पाच लाख पौंड दिले, उरलेला भार इथेच राहिला. त्याच्या चार वर्षं आधी, १८७८ मध्ये, पंतप्रधान डिझरायलीने सात हजार हिंदी शिपाई माल्टाला नेले होते, आणि तो खर्च मात्र इंग्लंडने उचलला होता. माल्टा युरोपात. तिथला शेरा युरोप वाचणार होता.

हे झालं बाहेर जाणाऱ्या फौजेचं. दुसरी फौज होती ती इंग्लंडहून इथे आलेली, सत्तर-पंचाहत्तर हजार गोऱ्या सोजिरांची. ब्रिटनच्या दृष्टीने हीच त्याची सर्वांत मोठी परदेशी छावणी, आणि तिच्यासाठी ब्रिटिश करदात्याला जवळजवळ काही पडत नव्हतं. पगार, प्रवास, पेन्शन सगळं हिंदुस्थानच्या खात्यावर. एवढंच काय, सोजिराची इंग्लंडमध्ये भरती करून त्याला कवायत शिकवण्याचा खर्चही माणशी आकारला जाई. तो आधी साडेसात पौंड होता, १९०८ पासून अकरा पौंडांच्या वर गेला. त्यात सवलत म्हणून ब्रिटनने वर्षाला पंधरा लाख पौंड द्यायचं कबूल केलं ते १९३३ मध्ये, या खर्चाच्या वाटणीसाठी बसलेल्या गॅरन लवादानंतर. तोवर वेल्बी कमिशनपुढची साक्ष होऊन छत्तीस वर्षं उलटली होती आणि गोखले जाऊन अठरा. हा पैसा येत कुठून होता? १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे दोनवरून अडीच रुपये झाला. रुपयाचा घसरता भाव हे त्याचं एक कारण, ब्रह्मदेशाची मोहीम आणि सरहद्दीवरचा वाढता लष्करी खर्च हे दुसरं.

पहिल्या महायुद्धात तर कमाल झाली. १९१७ मध्ये हिंदुस्थानने ब्रिटनला युद्धखर्चासाठी दहा कोटी पौंडांची ‘देणगी’ दिली. ही रक्कम हिंदुस्थान सरकारच्या साधारण एका वर्षाच्या महसुलाइतकी होती. ज्या कौन्सिलने ती दिली त्यात लोकांनी निवडलेले बहुसंख्य नव्हते, आणि होते त्यांना नाही म्हणायचा अधिकार नव्हता. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवतात ते असं. त्याआधीच्या वर्षी, २९ एप्रिल १९१६ ला, मेसोपोटेमियात कुत इथे जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनने तुर्कांपुढे हत्यारं ठेवली होती. त्या डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३ वी, ११० वी आणि ११७ वी. शरण आलेल्यांतले हजारो पुढच्या पायपिटीत आणि कैदेत मेले. तैग्रिसच्या काठी त्यांचं काय काम होतं, हे ना त्यांना विचारलं गेलं, ना त्यांच्या गावांना.

दुसऱ्या महायुद्धात हिशेब उलटा फिरला, निदान कागदावर. १९३९ च्या करारानुसार हिंदुस्थानबाहेरच्या हिंदी फौजेचा खर्च ब्रिटनने द्यायचा होता. ब्रिटन तो लंडनमध्ये पौंडांत जमा करी आणि त्यापोटी इथे रिझर्व्ह बँक नोटा छापी. युद्ध संपेपर्यंत लंडनमध्ये आपल्या नावावर सुमारे १३० कोटी पौंड साठले आणि दरम्यान इथे धान्याचे भाव गगनाला भिडले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाला कारणं अनेक, पण युद्धासाठी छापलेला पैसा हे त्यांतलं एक ठळक कारण आहे. बिल भरायचं दुसऱ्याने कबूल केलं तरी ते आज कोण भरतो, हा प्रश्न उरतोच.

आता आजच्या काळाकडे. ‘नेहमीच्या पगारा’चा युक्तिवाद वॉशिंग्टनमध्ये नव्या कपड्यांत फिरतो आहे. सैनिक कॅन्ससमध्ये राहिला काय आणि कोरियात राहिला काय, पगार तेवढाच. शिवाय कोरिया आणि जपान तळांचा खर्च उचलतात, तेव्हा बाहेर ठेवणंच स्वस्त! कोरियातल्या कॅम्प हम्फ्रीज या प्रचंड तळाच्या उभारणीचे हजार कोटी डॉलरहून अधिक लागले, आणि त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपासचा वाटा खुद्द कोरियाने दिला. तरीही बाहेरची छावणी स्वस्त पडते हे खरं नाही. रँड या अमेरिकी संस्थेने २०१३ मध्ये यजमान देशांची मदत वजा करूनही हिशेब मांडला होता. घरच्या मानाने परदेशातल्या सैनिकामागे वर्षाला दहा ते चाळीस हजार डॉलर जास्त पडतात, असं त्यात निघालं. आळीपाळीने पाठवायच्या फौजेत तर तिथे असलेल्या एका पलटणीमागे एक जायच्या तयारीत आणि एक नुकतीच परतलेली असते. म्हणजे मोजताना एक, पोसताना तीन.

यजमानाने पैसे द्यावेत ही मागणी न्याय्य वाटते, पण तिचा परिणाम उलटा होतो असं मला वाटतं. यजमान जितकं जास्त देतो, तितकी पाठवणाऱ्याची हिशेब करण्याची सवय सुटते. ब्रिटनला इथली गोरी फौज कमी करावीशी वाटली नाही याचं एक कारण साम्राज्य, आणि दुसरं कारण ती फुकट होती.

पैशात न मोजता येणारा हिस्सा ओकिनावात दिसतो. जपानच्या एकूण भूमीपैकी ओकिनावाची भूमी ०.६ टक्के, आणि जपानमध्ये केवळ अमेरिकी फौजेच्या वापरासाठी असलेल्या तळांच्या क्षेत्रफळापैकी सुमारे ७० टक्के तिथे. संरक्षण सगळ्या जपानला, विमानांची घरघर ओकिनावाला. १९९५ मध्ये तीन अमेरिकी सैनिकांनी बारा वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला आणि बेट पेटून उठलं. पुढच्याच वर्षी भर वस्तीतला फुतेनमाचा हवाई तळ परत करायचं दोन्ही सरकारांनी मान्य केलं. तो अजून परत मिळालेला नाही, कारण त्याऐवजी हेनोको इथे समुद्रात भराव घालून नवा तळ बांधायचा आहे. फेब्रुवारी २०१९ च्या सार्वमतात मत दिलेल्यांपैकी ७२ टक्के लोकांनी भरावाला विरोध केला. काम थांबलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तर केंद्र सरकारने गव्हर्नरच्या जागी स्वतःच परवानगीवर सही केली. टोकियोचा मतदार यावर सरकार पाडत नाही, कारण घरघर त्याच्या छपरावर नाही.

ओकिनावाला निदान मत तरी देता आलं. आपल्या दक्षिणेला हिंदी महासागरात दिएगो गार्सिया आहे, तिथल्या माणसांना तेवढंही मिळालं नाही. १९६६ मध्ये ब्रिटनने ते बेट अमेरिकेला तळासाठी द्यायचं ठरवलं. बदल्यात पोलारिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात एक कोटी चाळीस लाख डॉलरची सूट मिळाली. हा सौदा अमेरिकी काँग्रेसपासून आणि ब्रिटिश पार्लमेंटपासून दडवून ठेवला गेला. मग १९६८ ते १९७३ या काळात दिएगो गार्सिया ज्यांत मोडतं त्या चागोस बेटांवरच्या दीड ते दोन हजार लोकांना बाहेर काढून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर सोडून दिलं, त्यांची कुत्रीसुद्धा कोंडून मारली. मे २०२५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसशी करार केला. बेटांचं सार्वभौमत्व मॉरिशसला, तळ मात्र ९९ वर्षांच्या भाड्याने, वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड. ज्या गोष्टीतून तेव्हा सूट मिळवली, तिचं भाडं ब्रिटनने साठ वर्षांनी कबूल केलं. चागोसच्या माणसांना ना त्या वेळी विचारलं, ना या वेळी धड.

इथे कोणी म्हणेल, आणि ते चुकीचं म्हणणार नाही, की हे तळ नसते तर काय झालं असतं याचाही हिशेब करा. १९५० मध्ये उत्तर कोरियाची फौज सोलमध्ये घुसली ती अमेरिकेने आपली बहुतेक फौज काढून घेतल्याच्या दुसऱ्याच वर्षी. आज सोल जगातल्या श्रीमंत शहरांत गणलं जातं, त्यामागे त्या फौजेचा पहारा आहे. न झालेल्या युद्धाची किंमत कुठल्याच खातेवहीत दिसत नाही. हे मला मान्य आहे. कोरियन माणूस स्वतः निवडून दिलेल्या सरकारमार्फत हा पहारा ठेवतो, तोवर त्याला शहाणपण शिकवण्याचं मला कारण नाही. फिलिपिन्सचं उदाहरण तर फार बोलकं आहे. सप्टेंबर १९९१ मध्ये तिथल्या सेनेटने १२ विरुद्ध ११ मतांनी अमेरिकी तळांचा करार फेटाळला आणि पुढच्या वर्षी सुबिक बे हा अमेरिकेचा नौदल तळ रिकामा झाला. पुढे दक्षिण चीन समुद्रात चीन चढून आला, तेव्हा २०१४ मध्ये त्याच देशाने अमेरिकी सैनिकांना आपल्या तळांवर आळीपाळीने येऊ देण्याचा करार केला. विचारलं की उत्तर नाहीच येतं असं नाही. आणि हो म्हटलेलं असेल, तर पाठवणाऱ्यालाही नेमकं कुठवर थांबायचं ते कळतं.

आता आपलं. भारत सरकार ‘आमचे परदेशात तळ नाहीत’ असं म्हणतं, आणि अमेरिकी अर्थाने ते खरंही आहे. पण मॉरिशसच्या अगालेगा बेटावर आपण बांधून दिलेली धावपट्टी आणि धक्का यांचं फेब्रुवारी २०२४ मध्ये उद्घाटन झालं. त्याच वर्षी मालदीवमध्ये मुइझ्झू सरकारने आपले मोजके सैनिक परत पाठवले आणि त्यांच्या जागी आपल्याला बिगरलष्करी तंत्रज्ञ पाठवावे लागले. शंभराहूनही कमी माणसं, पण ‘इंडिया आउट’ या घोषणेवर तिथे निवडणूक लढवली गेली. जिबूटीत २०१७ पासून चीनचा तळ असताना आपण हिंदी महासागरात हात बांधून बसावं, असं मी म्हणत नाही. मला काळजी आहे ती पद्धतीची, आणि ती श्रीलंकेमुळे आहे.

२९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला आणि भारताची शांतिसेना तिकडे निघाली. संसदेत त्यावर बोलणं झालं, पण फौज पाठवावी की नाही, यावर मतदान झालं नाही. राज्यघटनेप्रमाणे ते लागतही नाही. तमिळांचं रक्षण करायला आणि तमिळ वाघांची, म्हणजे एलटीटीईची, हत्यारं गोळा करायला गेलेली फौज ऑक्टोबरमध्ये त्याच वाघांशी लढत होती. जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या १३ शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जणांच्या तुकडीतला एकच वाचला. नोव्हेंबरमध्ये ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले. परमवीरचक्र त्यांना मरणोत्तर मिळालं. मग १९८९ मध्ये नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी फौज परत न्या म्हणून मुदत घातली आणि भारतीय सैनिकांशी लढणाऱ्या वाघांना प्रेमदासांच्याच सरकारने शस्त्रं पुरवली. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला निघाली. तोवर सुमारे बाराशे जवान मारले गेले होते. मद्रासच्या धक्क्यावर स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी आले नाहीत. पुढच्या वर्षी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. या सगळ्याची बेरीज रुपयांत करण्यात अर्थ नाही. पण काम काय, किती दिवसांचं, यजमानाने नको म्हटलं तर काय, हे तीन प्रश्न जुलै १९८७ मध्ये लोकसभेत मतदानाआधी कोणाला तरी उत्तरावे लागले असते, तर निदान दुसऱ्या वर्षी तेच प्रश्न पुन्हा विचारता आले असते.

उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. २००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी भारताकडे डिव्हिजनभर फौज मागितली. दिल्लीत पाठवावी म्हणणारे वजनदार लोक होते, आणि सगळा खर्च आपल्यालाच पडणार नाही असंही सांगितलं जात होतं. पण एप्रिलमध्येच संसदेने त्या युद्धाविरुद्ध एकमुखाने ठराव केला होता, विरोधी पक्ष बोलत होते, सरकारला उत्तर द्यावं लागणार होतं. जुलैमध्ये वाजपेयी सरकारने नकार दिला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तरच विचार करू, असं सांगितलं. इराक पुढची कित्येक वर्षं जळत राहिला. कुतची पुनरावृत्ती टळली, असं मी म्हणतो ते केवळ भूगोलामुळे नाही.

म्हणजे परकीय पार्लमेंटने १८५८ मध्ये गुलाम देशाच्या तिजोरीभोवती घातलेलं कुंपण, कितीही लेचंपेचं असो, स्वतंत्र देशाच्या कायद्यात नाही. आपल्याकडे सरकार आंतरराष्ट्रीय करार संसदेच्या मंजुरीशिवाय करू शकतं आणि फौजही पाठवू शकतं. जर्मनीत तसं चालत नाही. १९९४ मधल्या तिथल्या घटना न्यायालयाच्या निकालानंतर आणि २००५ च्या कायद्याप्रमाणे सशस्त्र सैनिक बाहेर धाडायचे तर बुंडेस्टागची, म्हणजे तिथल्या संसदेची, संमती लागते, आणि सरकारच्या प्रस्तावात जास्तीत जास्त सैनिक किती, मुदत किती आणि अंदाजे खर्च किती हे लिहावं लागतं. मुदत संपली की पुन्हा मतदान. हे रामबाण नाही. अफगाणिस्तानचा प्रस्ताव बुंडेस्टागने जवळजवळ वीस वर्षं पुन्हा पुन्हा मंजूर केला आणि ५९ जर्मन सैनिक तिथे मेले. पण प्रत्येक वेळी हात वर करणाऱ्या खासदाराचं नाव नोंदलं गेलं, आणि काबूल पडल्यावर त्यांना मतदारांपुढे उभं राहावं लागलं.

गुप्ततेचं कारण पुढे केलं जाईल. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये मालदीवमधलं बंड मोडायला आपली विमानं काही तासांत उडाली, तेव्हा लोकसभेत मतदान घेत बसलो असतो तर तिथलं अध्यक्ष गयूम यांचं सरकार गेलंच असतं. बरोबर आहे. म्हणूनच निकडीची मुभा असावी, साठ किंवा नव्वद दिवसांची. नव्वदाव्या दिवसानंतर जी फौज परदेशात आहे ती निकडीपोटी आहे असं म्हणता येत नाही, ती तिथे ठेवलेली आहे, आणि ठेवायची असेल तर मंजुरी घ्यावी.

तो कायदा होईल तेव्हा होवो. संरक्षण मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या दरवर्षी संसदेच्या स्थायी समितीपुढे जातात, परराष्ट्र मंत्रालयाच्या त्यांच्या वेगळ्या समितीपुढे. परदेशात असलेले आपले सैनिक आणि लष्करी तंत्रज्ञ किती, कुठल्या करारान्वये, किती मुदतीसाठी, आणि त्यांचा पगार, वाहतूक, पेन्शन, बांधून दिलेले धक्के-धावपट्ट्या मिळून खर्च किती, याचा एक एकत्रित तक्ता दोन्ही समित्यांनी मागितला तर घटनादुरुस्ती लागत नाही. दोन्ही समित्यांवर महाराष्ट्राचे खासदार असतातच. त्यांनी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात तो मागावा.